आमच्याच डावात डावं-उजवं का? कन्सोलचा गेम पीसीवर आणणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
गेमचे प्रकाशक आणि त्यांनी पीसी आवृत्तीचं काम ज्यांच्याकडे सोपवलं तो स्टुडिओ

स. न. वि. वि.

तुमच्या गेममध्ये दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला एक लोखंडी दरवाजा आहे. गेले अकरा दिवस माझी नायिका त्याच्यासमोर उभी आहे. दरवाजा उघडायचा तर ‘ई’ दाबून धरायचं आणि त्याच वेळी पुढे चालत राहायचं, म्हणजे ती तो खांद्याने ढकलते. मी डावखुरी आहे. माझा माउस डाव्या हातात असतो आणि उजवा हात कीबोर्डच्या उजव्या टोकाला, आकड्यांच्या बटणांवर. आठवर पुढे, पाचवर मागे, चार आणि सहावर डावी-उजवीकडे. त्या आठपासून तुमच्या ‘ई’पर्यंतचं अंतर मी मोजलं. माझी वीत तेवढी नाही.

‘ई’च्या जागी दुसरं बटण घ्यायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. या पत्राला निमित्त एवढंच झालं. बाकीचं सगळं त्यामागून आलं.

गेमचं नाव लिहीत नाही, कारण या तक्रारी एकाच गेमच्या नाहीत. ज्यांचा आहे त्यांना दरवाजावरून ओळख पटेल.

हा गेम कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रावर, तीन वर्षांपूर्वी आला. धाकट्या भावाकडे कन्सोल आहे. त्याने आठवडाभरात संपवला आणि मला त्यातलं काहीही न सांगण्याची शपथ घेतली. ती त्याने पाळली. मीही पाळली: ट्रेलर बघितले नाहीत, शेवट कुणी बोलायला लागलं की उठून गेले. पीसी आवृत्तीची घोषणा झाली त्या दिवशी मी आगाऊ पैसे भरले. (हा शहाणपणा नव्हता, मान्य आहे.) भाऊ एवढंच म्हणाला होता, “ताई, दुसऱ्या प्रकरणातल्या दरवाजापर्यंत धीर धर. खरा गेम त्याच्या पलीकडे आहे.”

तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते. माझं मशीन जुनं नाही. तुम्ही ‘शिफारस केलेलं’ म्हणून जे छापलं आहे त्याच्या वरचं ग्राफिक्स कार्ड आहे, मेमरी दुप्पट आहे, गेम एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर आहे. ती शिफारस नेमकी कशासाठी होती, किती रिझोल्यूशनला, सेकंदाला किती फ्रेमला (म्हणजे चित्रांना), कोणत्या सेटिंगवर, हे मात्र तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

आता बटणांकडे येते. सेटिंगमध्ये ‘नियंत्रण’ नावाचं पान आहे. ते बघून मला हायसं वाटलं होतं. तिथे चालणं, पळणं, उडी, नेम धरणं बदलता येतं. पण आकड्यांच्या बटणांपैकी एकही गेमला ओळखता येत नाही, दाबलं की रकाना रिकामाच राहतो. शेवटी मी विंडोजमध्ये एक छोटा प्रोग्राम टाकून ती बटणं दुसऱ्या अक्षरांच्या नावाने गेमला ऐकवली. मग कळलं की दरवाजा उघडणं, वस्तू उचलणं, शिडी पकडणं, म्हणजे ‘ई’ची सगळी कामं, त्या पानावर नाहीतच. ती कोडमध्ये कायमची ठोकलेली आहेत. त्याच प्रोग्रामने दुसऱ्या बटणाला ‘ई’ करून बघितलं, तेव्हा ‘दाबून धरणं’ गेमला कळेना. दर अर्ध्या सेकंदाने सुटल्यासारखं वाटतं आणि दरवाजा परत मिटतो.

माउसचंही तेच. विंडोजमध्ये डावखुऱ्यांसाठी डावं आणि उजवं बटण अदलाबदल करायची सोय फार जुनी आहे. तुमचा गेम माउसचं थेट कच्चं इनपुट वाचतो, जे एरवी चांगलंच आहे, फक्त त्यात ही अदलाबदल आपोआप येत नाही. ती विंडोजला विचारून गेममध्ये लावायची असते. तुम्ही विचारलं नाही. त्यामुळे तुमच्या मेनूत बाण धरला की बटणं सरळ आणि लढाईत उलटी. पहिल्या लढाईत नेम धरायला गेले आणि गोळी सुटली. पहारेकरी जागे झाले. भाऊ फोनवर हसत होता, पण मला ते फार विनोदी वाटलं नाही.

“मग कंट्रोलर जोड ना,” हे मला तुमच्या मदत केंद्राने लिहिलं, भावानेही सुचवलं. जोडला. कंट्रोलर म्हणजे कन्सोलचं दोन्ही हातांत धरायचं यंत्र, त्यावर अंगठ्यांनी हलवायच्या दोन छोट्या काठ्या. नेम धरायचं काम उजव्या अंगठ्याचं. दोन्ही काठ्यांची अदलाबदल करायची सोय? नाही. डब्ल्यू-ए-एस-डी या चालण्याच्या नेहमीच्या बटणांवर उजवा हात ठेवूनही बघितलं. करंगळीने दाबायचं बटण अंगठ्याखाली येतं आणि अंगठ्याचं करंगळीखाली. दोन तासांत मनगट धरलं.

लहानपणी माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देणारी माणसं होती. त्यांचा मला फार राग नाही. ती माझ्याकडे बघत तरी होती. तुमच्या गेमने मी असेन अशी कल्पनाच केलेली नाही. डावलणं म्हणतात ते हेच. आणि यात डावखुरेच नाहीत. ज्याचा एक हात अधू आहे, ज्याला बटण दाबून धरणं दुखतं, ज्याचा कीबोर्ड इंग्रजी मांडणीचा नाही, ते सगळे याच दरवाजाबाहेर उभे आहेत. फ्रान्समधल्या कीबोर्डवर डब्ल्यूच्या जागी झेड असतो आणि एच्या जागी क्यू, हे तुमच्यातल्या कुणाला माहीत नसेल असं मी धरत नाही.

माउसबद्दल अजून थोडं, कारण इथे चूक मुळातच आहे. कंट्रोलरची काठी सांगते की ‘या दिशेला, इतकी झुकलेली’. माउस सांगतो की ‘इतका सरकलो’. या दोन वेगळ्या भाषा आहेत. तुम्ही माउसचं म्हणणं काठीच्या भाषेत भाषांतर करून गेमला सांगता. त्यामुळे माउस हळू सरकवला तर काहीच होत नाही. काठी किंचित हलली तर दुर्लक्ष करायचं, हा नियम त्यालाही लागू झालेला असतो. जोरात सरकवला तर वेगाला कमाल मर्यादा लागते. वर-खाली नेम आडव्यापेक्षा संथ चालतो, तो वेगळा बदलायची सोय नाही. माणूस हाताने जे अचूक करू शकतो ते मुद्दाम बोथट करून मग त्याच्यावर ‘नेम साहाय्य’ बसवायचं, याला काय म्हणावं? २००७ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ पीसीवर आला तेव्हा त्यात माउस चालतच नव्हता. ते निदान उघड होतं.

दुसरी मोठी तक्रार अडखळण्याची. हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं उलगडून सांगते, तुम्हाला ते माहीतच आहे. पडद्यावरचा प्रत्येक पृष्ठभाग, धूर, पाणी, आग कशी दिसावी हे ग्राफिक्स कार्डला सांगणारे छोटे प्रोग्राम असतात, त्यांना शेडर म्हणतात. एका मॉडेलच्या सगळ्या कन्सोलमधली चिप एकच, म्हणून ते शेडर तिच्यासाठी आधीच तयार करून गेमबरोबर देता येतात. पीसीत कार्डं वेगवेगळी, त्यांना चालवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, वेगवेगळे. त्यामुळे ते ज्याच्या त्याच्या मशीनवर तयार करावे लागतात. हे सुरुवातीलाच नीट उरकलं तर एकदाच थांबावं लागतं. नाही उरकलं तर खेळताना पहिला स्फोट झाला की गेम त्याचा शेडर तयार करायला थबकतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. एका शेडरने २०० मिलिसेकंद घेतले की सलग १२ फ्रेम गेल्या. तेवढ्यात पहारेकऱ्याने मला गोळी घातलेली असते.

तुम्ही दोन्ही केलंत. सुरुवातीला ३८ मिनिटं शेडर तयार करण्याची पट्टी दाखवलीत आणि त्यानंतरही गेम प्रत्येक नव्या खोलीत अडखळतोच. पट्टी संपल्यावर वगळता न येणारी प्रस्तावना, २० मिनिटांची. म्हणजे माउस पहिल्यांदा माझ्या ताब्यात आला तेव्हा खेळाच्या घड्याळात ५८ मिनिटं झालेली होती.

हे घड्याळ महत्त्वाचं आहे. जून २०१५ पासून स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात नियम आहे की खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. इतर दुकानांचेही असेच काही नियम आहेत. पण घड्याळ गेम चालू झाला की चालू होतं. पट्टी बघणं हासुद्धा त्याच्या लेखी खेळच. उरलेल्या तासाभरात दोन क्रॅश आणि सेटिंगची शोधाशोध. शेडर तयार होताना दोन तासांतला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. हे मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही, पण फायदा कुणाचा झाला ते दिसतंच आहे. २०२३ च्या मार्चमध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला तेव्हा शेडरच्या लांबलेल्या पट्टीवरून केवढा गदारोळ झाला होता. तुमच्यासमोर तो धडा होता.

मदत केंद्राचं उत्तर आलं: ड्रायव्हर अद्ययावत करा. ड्रायव्हर बदलला की आधी तयार झालेले शेडर बाद होतात, म्हणजे पुन्हा ३८ मिनिटं. केलं. मग म्हणाले, ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा टाका. पुन्हा ३८. ‘ई’ बटणाबद्दल विचारलेल्या प्रश्नालाही ड्रायव्हरचंच उत्तर आलं. जखम मांडीला, मलम शेंडीला.

फ्रेमच्या वेगाला खेळाचा वेग बांधायची सवयही तुम्ही सोडलेली नाही. ६० वर सगळं ठीक. सेटिंगमध्ये १२० चा पर्याय तुम्हीच दिला आहे, तो निवडला की दोरीवरचा झोका अर्ध्यातच तुटतो आणि नायिका दरीत. ‘डार्क सोल्स २’मध्ये २०१४ साली हेच झालं होतं: ६० फ्रेमवर खेळलं तर हत्यारं ३० फ्रेमच्या दुप्पट वेगाने झिजत. ती चूक २०१५ मध्ये दुरुस्त झाली. इतक्या वर्षांनी तीच चूक नव्या गेममध्ये, तीही तुम्हीच देऊ केलेल्या पर्यायात.

बाकीचं भराभर. मेनूत माउसचा बाण अर्ध्या पानांवर चालतो, अर्ध्यांवर नाही. कीबोर्डवर खेळतानाही सूचना येते ती ‘उजवी काठी दाबा’. एका वेळी दिसणाऱ्या दृश्याचा कोन इतका अरुंद की पडदा हाताच्या अंतरावर असला तर मळमळतं. सोफ्यावरून तीन मीटरवर बघणाऱ्याला ते जाणवणार नाही. गेममधून बाहेर पडायला चार पानं. खेळ जिथवर आला ते जपून ठेवायला (सेव्ह) जागा एकच. आणि हे सगळं सुरू होण्याआधी तुमचं वेगळं लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्राम, ज्यात वेगळं खातं काढावं लागतं. ते मात्र पहिल्या दिवसापासून अजिबात न अडखळता चालतं.

गेम सोफ्यापासून वेगळा करून पीसीवर आणायचा राहिलाच, असं मला वाटतं. कन्सोल म्हणजे एक मशीन, एक बैठक, एक हातातलं यंत्र. पीसी म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं. आम्ही त्यासाठीच इथे आहोत. माझ्यासारखीला तर दुसरीकडे जागाच नाही.

यावर तुमचं नेहमीचं उत्तर मला पाठ आहे: पीसीचे प्रकार असंख्य, सगळ्यांवर तपासणं अशक्य. निम्मं खरं आहे. कार्डाच्या एखाद्या विचित्र जोडीवर गेम पडला तर मी चार दिवस थांबेन. पण ‘ई’ बदलता न येणं कोणत्या कार्डावर अवलंबून आहे? काठीच्या भाषेतला माउस जगातल्या प्रत्येक पीसीवर तसाच वागतो. शिवाय करणाऱ्यांनी करून दाखवलं आहे. ‘गॉड ऑफ वॉर’ जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर आला, ‘स्पायडर-मॅन’ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आणि दोन्हींचं लोकांनी कौतुक केलं. ‘स्पायडर-मॅन’चं काम निक्सिसचं, पोर्ट, म्हणजे एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर आणणं, हाच ज्यांचा वर्षानुवर्षांचा व्यवसाय. प्लेस्टेशन कन्सोल बनवणाऱ्या सोनीने २०२१ मध्ये तो स्टुडिओ विकतच घेतला. पोर्ट हे कौशल्याचं काम आहे, उरलेल्या वेळात उरकायचं नाही, हे ज्यांना कळलं त्यांनी त्यावर पैसे घातले.

ज्यांना कळलं नाही त्यांची यादी लांब आहे. ‘डार्क सोल्स’ ऑगस्ट २०१२ मध्ये पीसीवर आला, लोकांनी सह्यांची मोहीम काढून मागितला म्हणून आला, आणि पडदा कितीही मोठा असो, चित्र आतमध्ये १०२४ बाय ७२० वरच अडकलेलं. ‘दुरांते’ या नावाने वावरणाऱ्या पीटर थोमानने ते कुलूप काही तासांत उघडलं आणि तो मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून केलेला बदल, फुकट वाटला. पुढे तो पोर्टचं काम व्यवसाय म्हणून करू लागला, ही त्या गोष्टीतली चांगली बाजू. ‘निअर: ऑटोमाटा’ २०१७ च्या मार्चमध्ये आला; स्टीमवरचा मोठा दुरुस्ती पॅच जुलै २०२१ मध्ये. मधली चार वर्षं लोक एका चाहत्याच्या मॉडवर खेळत होते. वरातीमागून घोडं येतं, पण चार वर्षांनी?

तुमच्याही गेमसाठी एका अनोळखी माणसाने माउसचा मॉड नवव्या दिवशी काढला. तो काठीचं भाषांतर काढून टाकतो. चालतो, उत्तम चालतो. मी त्याचे आभार मानले. तुम्हीही मानावेत, आणि जमलं तर त्याला कामाचे पैसे द्यावेत. ‘ई’ मात्र त्यालाही हलवता आलेला नाही.

मी हे कन्सोलवाल्यांच्या विरोधात लिहीत नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ पीसीवर बऱ्यापैकी चालत होता आणि जुन्या कन्सोलवर इतका वाईट की सोनीने तो आपल्या दुकानातून सहा महिने उतरवला. तेव्हा कन्सोल आवृत्तीच्या प्रती समीक्षकांना आधी मिळाल्या नव्हत्या. तुम्ही यंदा उलटं केलंत: परीक्षणं आली ती सगळी कन्सोल आवृत्तीवर आधारलेली, पीसीच्या प्रती गेम विक्रीला आल्यावर गेल्या. आधी सगळं अळीमिळी गुपचिळी. गेम नीट चालत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, याचा मला दुसरा पुरावा नको.

तुमच्याकडे प्रत्यक्ष हे काम करणाऱ्यांवर माझा राग नाही. श्रेयनामावली मी शेवटपर्यंत बघते. पोर्ट करणाऱ्यांची नावं अगदी खाली होती आणि थोडी होती. तारीख त्यांनी ठरवली नसणार.

माझ्या मागण्या अशा.

१. प्रत्येक कृतीचं बटण बदलता यावं, आकड्यांच्या बटणांसकट. विंडोजमधली माउसची अदलाबदल गेमने मानावी. ‘दाबून धरा’च्या जागी ‘एकदा दाबा’ हा पर्याय द्यावा. कंट्रोलरच्या काठ्या बदलता याव्यात. हे पहिल्या पॅचमध्ये हवं, ‘पुढे कधीतरी’ नको.

२. माउसचं इनपुट थेट घ्या. लागलं तर त्या मॉडवाल्याला विचारा.

३. शेडर तयार करायचा वेळ परताव्याच्या दोन तासांत धरला जाऊ नये, यासाठी दुकानांशी बोला. तोवर ज्यांनी पहिल्या महिन्यात घेतला त्यांना, घड्याळ काहीही सांगो, मागितल्यास पैसे परत करा. ‘बॅटमॅन: अर्खम नाइट’ची पीसी आवृत्ती जून २०१५ मध्ये आली, त्याच आठवड्यात विक्री थांबवली गेली आणि ऑक्टोबरअखेर परत सुरू झाली, परत आल्यावरही परताव्याची दारं काही काळ उघडी ठेवली होती. तेव्हा जमलं तर आताही जमेल.

४. माहीत असलेल्या चुकांची यादी उघड ठेवा, प्रत्येकीपुढे तारीख. ‘स्थैर्यात सुधारणा’ या दोन शब्दांनी आम्हाला काही कळत नाही.

५. पुढच्या वेळी मोफत चाचणी आवृत्ती द्या आणि समीक्षकांना पीसीच्या प्रती आधी द्या. शिफारशीत रिझोल्यूशन, फ्रेम आणि सेटिंग छापा.

पाचवी मागणी नाही मानलीत तर मी पुन्हा आगाऊ पैसे भरणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे. पहिली मात्र मला सोडता येत नाही.

मी परतावा मागितलेला नाही. गेम अजून ठेवला आहे, कारण पहिल्या प्रकरणात पावसातल्या त्या पुलावर जे घडतं ते बघून मी रात्री बराच वेळ जागी होते. ज्यांनी ते लिहिलं, काढलं, त्याला आवाज दिला, त्यांना हे कुणीतरी सांगा. भाऊ रोज विचारतो, दरवाजा उघडला का. त्याला दोनदा म्हणाले, तू येऊन ‘ई’ दाब, मी चालते. तो दुसऱ्या शहरात राहतो. पुढच्या महिन्यात येणार आहे. तुमचा पॅच आधी येतो की तो, ते बघू.

कळावे.

आपली,
एक डावखुरी ग्राहक